खंडेनवमीचं ऑइल

मी नुसतं "बरं" म्हणाले की आमच्या घरात सगळे ओळखतात, हिला पटलेलं नाही. पटलं तर मी "व्हय का" म्हणते, दोन प्रश्न विचारते, हसते. नाही पटलं तर बरं. दूधवाला सांगतो, मावशी, ओल्या चाऱ्यामुळं दूध जरा पातळ यायलंय. मी म्हणते, बरं. तो मान खाली घालून पुढच्या घरी जातो.

हा माझा स्वभाव शाळेत पक्का झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, सगळी नोकरी फुलंब्री तालुक्यात गेली. परीक्षेत देखरेखीला उभं राहून राहून मला तोंडं वाचायची सवय लागली. चिठ्ठी सापडली म्हणून एखाद्याला उभं केलं, आणि ती खरंच त्याची नसली, तर त्याचं तोंड आधी उघडं पडतं, शब्द मागून येतात. ज्याची असते तो लगेच बोलायला लागतो. उत्तर तयार असतं त्याच्याकडं. निवृत्त झाले तरी ही सवय काही सुटली नाही. आमचे मालक म्हणतात, "ही देवाला प्रदक्षिणा घालती, पण एक डोळा चपलावर." घालते. माझ्या नव्या चपला गेल्यात देवळातून, त्यांच्या नाही गेल्या.

आमचं घर फुलंब्रीच्या बाहेर, शहराकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. पुढं लोखंडी फाटक. ते उघडलं की असं किंचाळायचं की मागच्या ओट्यावर मी पापड वाळत घालत असले तरी मला कळावं, कोण तरी आलं. मालक तेलाचा डबा घेऊन निघाले की मी अडवायची. म्हणायची, राहू द्या, कुत्रं पाळायचा खर्च वाचतोय. मालक भांडत नाहीत. ते मुळात बोलतातच कमी. शेती बघतात, आणि त्यांची जुनी डिझेलची जीप आहे, तिच्यावर जीव. लग्नसराईत वऱ्हाड, एरवी मक्याची पोती नाहीतर शहराकडं जाणारी माणसं, असं तिचं चाललेलं असतं. जीप आता म्हातारी झालीय. चढाला कुंथायची, आणि उभी असली की तिचं बॉनेट थरथरायचं.

त्या जीपसाठी जावईबापू बाटली घेऊन आले, ते नवरात्राच्या तोंडावर.

जावई आमचा चांगला. हे मी आधी सांगते, कारण पुढं वाचताना कुणाला वाटेल की सासूचा आधीपासूनच डाव होता. वाळूजला एका कंपनीत कायम नोकरी, दारू नाही, तंबाखू नाही, पोरीला कधी उणा शब्द नाही. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात आणि सासऱ्याला मामा. तर ते आले, चहा झाला, आणि पिशवीतून एक छोटी बाटली काढून टिपॉयवर ठेवली. खोकल्याच्या औषधाएवढी.

"मामी, हे सिरॅमिकचं आहे. नॅनो."

मग त्यांनी समजावलं. चांगलं समजावलं, शिक्षक झाले असते. इंजिनात धातूवर धातू घासतो. वरून आरशासारखा गुळगुळीत दिसला तरी त्याच्यावर बारीक बारीक खाचा असतात, त्या एकमेकींत अडकतात, तिथंच झीज होते आणि तिथंच ताकद वाया जाते. या बाटलीत सिरॅमिकचे कण, इतके बारीक की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायचे नाहीत. ते ऑइलमधून फिरतात, त्या खाचांत जाऊन बसतात, धातूवर एक थर धरतात. मग घासणं कमी, आवाज कमी, इंजिनाचं आयुष्य जास्त.

"सिरॅमिक म्हंजे कपबशीचं का?" मी विचारलं.

"तसलंच धरा. पण वेगळं."

"मग कपबशी दळून इंजिनात टाकली तर ती इंजिनच खाणार की. पितळी भांडं आपण राखेनं घासतो, ते झिजतंच ना."

ते हसले. "मामी, मोठा कण घासतो. हा एवढा बारीक की घासतच नाही, उलट घासण्यापासून वाचवतो."

"बरं," मी म्हणाले.

मालक खुर्चीत बसून बाटलीकडं बघत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "टाकू की. जावई म्हनत्यात तर टाकू."

दुसऱ्या दिवशी पोरीचा फोन आला. तेव्हा कुठं मला कळलं की बाटली नुसती जीपसाठी नाही. जावयाला या औषधाची एजन्सी घ्यायची होती. फुलंब्रीपासून सिल्लोडपर्यंतचा पट्टा, ट्रॅक्टर, टेम्पो, जीपा, बोअरवेलच्या गाड्या. आणि त्यासाठी दिवाळी झाली की नोकरीचा राजीनामा. कायम नोकरीचा! 

"मला काही कळत नाही त्यातलं," पोरगी म्हणाली. "ते इतके खूश आहेत की मला नाही म्हणवत नाही. आई, तू बघ. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. तू खात्री करून हो म्हणालीस तर मी अडवणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी आडवी पडेन, पण नोकरी सोडू देणार नाही."

झालं. जन्मभर ज्या स्वभावाला घरातल्यांनी नावं ठेवली, त्याच्यावर आता पोरीचा संसार येऊन बसला. मी म्हणाले, बघते. आणि ते मी मनापासून म्हणाले.

पहिल्यांदा मी बाटली विकणाऱ्यालाच बघायचं ठरवलं. जावयांनी आनंदानं शहरात औरंगपुऱ्यात नेलं. गर्दीत एक वरचं दुकान, जिना अरुंद, आत गार हवा. विकणारा माणूस कोट घालून होता. औरंगपुऱ्यात, त्या उकाड्यात, कोट. माझा अर्धा संशय तिथंच उभा राहिला.

त्यानं टेबलावर एक यंत्र मांडलं होतं. मोटरीवर फिरणारं लोखंडी चाक, आणि त्याच्यावर दांड्यानं दाबायचा एक लोखंडी तुकडा. आधी साधं ऑइल घातलं, दांडा दाबला. चाक किर्र करून थांबलं. मग त्यानं तिथंच बाटलीतलं औषध घातलं, दांडा दाबला. आता चाक थांबेना. जावयांनी माझ्याकडं बघितलं. डोळे नुसते चमकत होते त्यांचे.

मी शिलाई मशीन चालवते. घरचे ब्लाऊज, पोरीचे ड्रेस सगळे मीच शिवलेले. मशीनला तेल घातलं की पहिला हात जड जातो, दुसरा हलका, कारण तेल तोवर सगळीकडं पोचतं. म्हणून मी त्या माणसाला म्हणाले, "आता हे धुऊन पुसून घ्या, अन् उलटं करून दाखवा. आधी औषध, मग साधं ऑइल."

तो म्हणाला, "मॅडम, चहा घेणार की कॉफी?"

"चहा घेईन. तोवर तुम्ही उलटं करून दाखवा."

तर म्हणाला, त्याला नवा तुकडा लागतो, तो उद्या येणार आहे. जावयांनी मला जिन्यात हळूच सांगितलं, "मामी, तुम्ही जरा जास्तच विचारता." मी म्हणाले, पेपर तपासणारीनं नाही विचारायचं तर कुणी? पण त्यांचं तोंड पडलेलं बघून मला वाईट वाटलं. एवढं मात्र खरं, त्या यंत्रावरून मी नाही म्हणायला तयार नव्हते. एखाद्याला दाखवता येत नाही म्हणून वस्तू खोटी, असं होत नाही. शाळेत कितीतरी पोरं फळ्यापुढं उभी राहून गप्प व्हायची, आणि उत्तर त्यांना येत असायचं.

तेव्हा ठरलं की परीक्षा जीपचीच. नवरात्र बसलं आणि जावयांनी स्वतःच्या हातानं ती बाटली जीपच्या इंजिनात ओतली. इंजिन चालू ठेवलं, बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. "आता नेहमीसारखी चालवा मामा," म्हणाले. "कणांना बसायला वेळ लागतो. फिरेल तशी सुधरेल." मालकांनी मान हलवली.

पुढचे दिवस मी कान देऊन बसले. फरक काही दिसेना. तीच कुंथणी, तीच थरथर. मी पोरीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, थांब अजून, वेळ लागतो म्हणालेत ना.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी विळा, कुऱ्हाड, नांगर, माझं शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते, आणि मोठी पूजा जीपची. मालक त्या दिवशी सकाळीच जीप घेऊन शेतात जातात, तिथं विहिरीवर पाणी भरपूर. दिवसभर तिथंच तिची आंघोळ, पुसणं, काय काय करणं. माझं त्यात लक्ष नसतं. मी घरी पुरणात अडकलेली. संध्याकाळी जीप आली ती झेंडूची माळ घालून, नव्या नवरीसारखी. मी औक्षण केलं, नारळ फोडला. दसऱ्याला जावई आणि पोरगी सोनं द्यायला आली, जेवली, गेली.

आणि मग जीप सुधारली.

खोटं कशाला बोलू? दिवाळीची खरेदी म्हणून मी मालकांबरोबर शहरात निघाले, तर मला पहिल्या चढालाच कळलं. कुंथणं नाही. आवाज भरीव, एकसारखा. उभी राहिली तर बॉनेट थरथरणं अगदी कमी. मागं बसलेली एक बाई म्हणाली, "दादा, गाडी नवी घेतली का काय?" मालक हसले फक्त. मी पुढं बसून पायाखाली ती थरथर शोधत होते आणि ती सापडत नव्हती. मला लाज वाटली जरा. म्हटलं, बाई, तू कपबशीची चेष्टा केलीस, आणि ते कण बिचारे जाऊन बसले की आपापल्या खाचेत.

त्या संध्याकाळी मी पोरीला फोन केला. म्हणाले, "मला पटायला लागलंय गं. एवढ्यात हो म्हणू नको, पण पटायला लागलंय."

"तुला?" ती म्हणाली, आणि हसायला लागली. किती दिवसांनी तिचं हसू ऐकलं मी. मलाही बरं वाटलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी माजघरात डाळ निवडत होते. अंगणातून एकदम माणसांचे आवाज आले, आणि मी दचकले. बाहेर बघते तर जावई, आणि त्यांच्याबरोबर सिल्लोडकडचे दोघं. एक मक्याचा व्यापारी, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. त्याचे स्वतःचे टेम्पो होते. दुसरा ट्रॅक्टरवाला. जावयांनी आमच्या जीपचं बॉनेट उघडून ठेवलं होतं.

मी दचकले ते माणसांना बघून नाही. पाहुणे आमच्याकडं येतच असतात. मी दचकले, कारण फाटक ओरडलं नव्हतं.

मालक स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले तेव्हा मी चहाला आधण ठेवत विचारलं, "फाटकाला काय केलंत?"

"कालच ऑइल लावलं."

"मी नको म्हनले होते ना?"

"उरलं व्हतं. गोठ्याच्या खांबांना लावलं, उधई लागती म्हनून. उरलं ते फाटकाला."

"कुठलं ऑइल?"

"जीपचंच. जळकं. काढलेलं."

"कधी काढलं?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की, हिला एवढंही माहीत नाही. "खंडेनवमीला. दरसाली काढतो की. काळं ऑइल पोटात घेऊन गाडी पूजेला उभी करायची नाय. माझा बाप बैलाला उपाशी पूजेला आनायचा नाय, तसंच हे. नवं ऑइल, नवा फिल्टर, हवेची जाळी साफ. मंग हार."

मी गॅस बारीक केला.

सगळं दरवर्षी तसंच. दरवर्षी खंडेनवमीनंतर जीप थोडी सुधारतेच, मी कधी कान दिला नव्हता एवढंच. यंदा कान दिला, कारण मला कण ऐकायचे होते. आणि ते औषध? ते काळ्या ऑइलबरोबर डब्यात गेलं, आणि डब्यातून गोठ्याच्या खांबांवर आणि माझ्या फाटकाच्या बिजागरीवर. सिरॅमिकचा उपचार झालेलं तालुक्यातलं ते एकमेव फाटक असेल.

"तुम्हाला जावयांनी सांगितलं नव्हतं का, आता ऑइल बदलू नका म्हनून?"

"नेहमीसारखी चालवा म्हनले. मी नेहमीसारखीच चालवली."

यांच्यावर काय चिडायचं. पालथ्या घड्यावर पाणी. मी चहा गाळला आणि ट्रे घेऊन बाहेर गेले.

बाहेर जीप चालू होती. जावयांनी बॉनेट लावून त्याच्यावर पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला ठेवला होता. पाणी हलत होतं, पण सांडत नव्हतं. "ही माझ्या सासऱ्यांची गाडी," ते सांगत होते. "महिन्यापूर्वी या पेल्यातलं अर्धं पाणी खाली आलं असतं. एक बाटली टाकली, बस. बाकी काही केलं नाही." ट्रॅक्टरवाला वाकून पेल्याकडं बघत होता. दाढीवाले व्यापारी मात्र पेल्याकडं न बघता जावयाकडं बघत होते. मला तो माणूस आवडला.

मी कप हातात दिले. जावयाला पाहुण्यांसमोर खाली बघायला लावणं आमच्यात होत नाही, आणि मी ते केलंही नाही. जीभ दातांखाली धरून उभी राहिले. व्यापारी चहा पिऊन म्हणाले, "अच्छी बात है बेटा. घर में सोचके बोलतूं." दोघं गेले. फाटक उघडलं, लागलं, हूं की चूं नाही.

मालक शेताकडं गेले. अंगणात मी आणि जावई उरलो. ते पेला पुसत होते.

मनात मी वाक्य जुळवत होते. बिचाऱ्याला धक्का बसेल, आपणच सांभाळून सांगावं, चूक मामांची आहे असं म्हणावं. दिवाळीआधी कळलं हे नशीब, असंही म्हणणार होते. म्हणून हळूच सुरुवात केली. "जावईबापू, एक घोटाळा झालाय. मामांनी खंडेनवमीला जीपचं ऑइल बदललं."

"मामी, त्याचं असंय," ते लगेच म्हणाले, "औषध चांगलंच आहे. फक्त या गाडीत राहिलं नाही, एवढंच."

त्यांचं तोंड उघडं पडलं नव्हतं. उत्तर तयार होतं.

 इतके दिवस मी बाटलीवर संशय घेतला, कोटवाल्यावर घेतला, त्या चाकावर घेतला. या माणसावर घ्यायचा असतो हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मामा म्हणाले होते. दसऱ्याला सोनं द्यायला आलो तेव्हाच. सहज बोलता बोलता." त्यांनी पेला खाली ठेवला. "सॅम्पलची बाटली एकच होती, मामी. लोकांना दाखवायला एक गाडी लागते. आणि गाडी चांगली चाललीय की नाही? मी खोटं काय दाखवलं?"

"बाकी काही केलं नाही, असं म्हणालात."

त्यांनी पेला उचलून परत पुसायला घेतला. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "मामी, सात वाजता गेटवर पंच करायचं, आणि दिवसभर तेच ते. मला नाही होत आता. यातून काहीतरी उभं राहील. खरंच वाटतं मला." आणि मग, "हिला सांगू नका. एवढंच."

राग आला होता, खूप आला होता. पण त्या शेवटच्या वाक्याला त्यांचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते. तेवढं कळतं मला. मी रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले. ते गेले. फाटक त्यांनी हळू लावलं. जोरात लावलं असतं तरी कुणाला ऐकू आलं नसतं.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. मी देवापुढं दिवा लावून नुकतीच उठले होते.

"आज सिल्लोडचे लोक येऊन गेले म्हणे," ती म्हणाली. "हे फार खूश नाहीत पण. आई, काय म्हणू मी? हो म्हणू?"

मी तिला ऑइलचं सांगितलं. खंडेनवमीचं, गोठ्याच्या खांबांचं, फाटकाचं. औषध चांगलं की वाईट ते मला अजूनही माहीत नाही, पण आपल्या जीपनं ते सिद्ध केलेलं नाही, असं म्हणाले. फाटकाचं ऐकून ती जरा हसली. "मग नाही सोडू देत मी नोकरी," म्हणाली. "आडवी पडते, जा."

मला वाटलं, संपलं. पोरीचं घर वाचलं आणि जावयाची लाजही राहिली. मी फोन ठेवणार होते.

"आई."

"काय गं?"

"ह्यांना माहीत होतं का? ऑइल बदललेलं?"

माझीच पोरगी. मी शिकवलेली नव्हती, पण माझीच. मी खिडकीतून बाहेर बघितलं. मालक फाटक उघडून आत येत होते. संशय घेऊन जगणं काय असतं ते मला ठाऊक आहे. दूधवाल्यावर, चपलांवर, कोटवाल्यावर घेतलेला संशय दाराबाहेर सोडून घरात येता येतं. ताटाला ताट लावून जेवणाऱ्या माणसावर घेतला तर तो कुठं ठेवायचा? मी कधी मालकांवर घेतला नाही, त्या गप्प माणसानं कधी वेळच आणली नाही. तिला तरी तो कशाला द्यायचा?

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांना कुठून माहीत असणार."

मी लगेच बोलले होते. उत्तर तयार होतं माझ्याकडं.



"बरं," पोरगी म्हणाली.